या विषयात आपलं कोणी आहे का?

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचीला एमएस्सीला प्रवेश मिळाला होता, विषय रेणवीय जीवविज्ञान. घरात दोन पक्ष पडले होते. दाजींचं म्हणणं, बी.एड. करून घ्यावं, कुठल्याही शाळेत चिकटता येईल. बहिणीचं म्हणणं, पोरगी पहिल्या वर्गात आली आहे तर शिकू दे. मी याच विषयात एमएस्सी केलेलं असल्यामुळे निकाल द्यायला मला बोलावलं होतं. पण माझं बोलणं सुरू व्हायच्या आधीच भाचीनं फोन हातात घेतला आणि विचारलं, "मामू, या विषयात आपलं कोणी आहे का?"

हा प्रश्न तिचा नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी जमातीच्या हॉलमध्ये दहावी-बारावी आणि पदवीच्या गुणवंतांचा सत्कार झाला होता. तिथं पाहुण्यांनी नेहमीचं भाषण केलं. इब्न सीनांनी वैद्यकाचा ग्रंथ लिहिला, इब्नुल हैसमांनी प्रकाशाचे प्रयोग केले, युरोप अंधारात होता तेव्हा बगदादेत ग्रंथालयं होती. सगळं खरं आहे. मलाही त्याचा अभिमान आहे. पण ही यादी साधारण हजार वर्षांपूर्वी थांबते, आणि हॉलमध्ये बसलेल्या पोरीला तिथून आजपर्यंतचा रस्ता कोणी दाखवत नाही. मग ती घरी येऊन मामूला विचारते.

मी तिला एक नाव सांगितलं, ओबेद सिद्दीकी. तिनं ते ऐकलं नव्हतं. तिच्या प्राध्यापकांनीही सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही एमएस्सी करत असताना ते नाव वाचूनही मला ते कळलं नव्हतं.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या विभागात एकच पीसीआर यंत्र होतं, तेही कुलूपबंद खोलीत. पिपेटची प्लास्टिकची टोकं वापरून झाली की फेकायची नाहीत. धुवायची, वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करायची आणि पुन्हा डबीत भरायची. जेल चालू असताना लोडशेडिंग झालं की डीएनए होता तिथंच थांबायचा, आणि वीज येईपर्यंत पट्ट्या पसरून धुरकट व्हायच्या. थर्माकोलच्या पेटीतून बर्फात एन्झाइम आलं की सगळा वर्ग ते बघायला जमायचा. त्या एका नळीची किंमत आमच्या मेसच्या कित्येक महिन्यांच्या बिलाएवढी होती. अशा वातावरणात जनुकशास्त्राच्या जाड पुस्तकात मी "गॅरेन आणि सिद्दीकी, १९६२" एवढं वाचलं. मला वाटलं, हे सिद्दीकी अमेरिकेत स्थायिक झालेले कोणी पाकिस्तानी असतील. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की हा माणूस त्याच १९६२ साली मुंबईत कुलाब्याला येऊन बसला होता. वाईतल्या आमच्या घरापासून अंतर अडीचशे किलोमीटर.

सिद्दीकींचा जन्म १९३२ चा, उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा. शिक्षण अलिगढच्या मुस्लिम विद्यापीठात. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. अलिगढमधला तरुण एकीकडे फाळणीच्या जखमा पाहत होता आणि दुसरीकडे डाव्या विद्यार्थी चळवळीकडे ओढला जात होता. सिद्दीकी त्या चळवळीत होते आणि त्यापायी त्यांनी तुरुंगही भोगला. बाहेर आल्यावर एमएस्सी पूर्ण केली आणि काही काळ तिथंच शिकवलं. नंतर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत गव्हावर काम करायला गेले. तिथं त्यांचं प्रयोगाचं पीक गारपिटीत आडवं झालं. आपल्याकडे अवकाळीनं द्राक्षबागा झोपल्या की शेतकरी कपाळाला हात लावतो, तसंच हे. फरक एवढाच की त्यांच्या शेतात एका वर्षाचं संशोधन पडलं होतं. हंगामाची वाट पाहत बसण्यापेक्षा काही तासांत किंवा दिवसांत पिढ्या मिळतील अशा जिवावर काम करावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. बुरशी आणि जिवाणू हे असे जीव.

१९५८ साली ते ग्लासगोला ग्विदो पाँतेकोर्वो यांच्याकडे गेले. या गुरूंबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. पाँतेकोर्वो इटलीतले ज्यू. १९३८ साली मुसोलिनीच्या वंशविषयक कायद्यांमुळे त्यांची नोकरी गेली आणि ते स्कॉटलंडला आले. त्यांचा एक भाऊ ब्रूनो, अणुशास्त्रज्ञ, १९५० साली सोव्हिएत संघात निघून गेला. दुसरा भाऊ जिलो, ज्यानं 'बॅटल ऑफ अल्जीयर्स' हा सिनेमा काढला. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरचा तो सिनेमा आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेला असेल. तर असं हे घर. फॅसिझममुळे देश सुटलेला एक ज्यू शिक्षक आणि तुरुंगातून आलेला अलिगढचा एक विद्यार्थी, हे दोघं ग्लासगोच्या प्रयोगशाळेत एका बुरशीच्या जनुकाचा बारीक नकाशा काढत होते.

त्या काळात या शास्त्राची अवस्था काय होती? १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुपेडी रचना मांडली होती. चार अक्षरांची ही लिपी प्रथिनांच्या वीस अमिनो आम्लांत कशी उतरते, हे कोड मात्र सुटलेलं नव्हतं. १९६१ साली अमेरिकेत नीरेनबर्ग आणि मथाई यांनी पहिला शब्द वाचला. आरएनएमधली तीन 'यू' अक्षरं म्हणजे फेनिलअलानीन. सिद्दीकी पीएच.डी. संपवून त्याच सुमारास अमेरिकेत पोचले आणि पेनसिल्वेनिया विद्यापीठात अॅलन गॅरेन यांच्याबरोबर कामाला लागले.

त्यांनी जे केलं ते मी भाचीला असं समजावलं. आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जिवाणू अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एक एन्झाइम बनवतो. जनुकात बिघाड झालेले काही जिवाणू ते बनवू शकत नाहीत. मग गॅरेन आणि सिद्दीकी यांनी असं पाहिलं की यातली काही बिघडलेली जनुकं दुसऱ्या एका वाणाच्या जिवाणूत नेली की एन्झाइम पुन्हा थोडंफार तयार होतं. जनुक तेच, बिघाडही तोच. बदलला तो वाचणारा. म्हणजे बिघाडामुळे जनुकात असा शब्द तयार झाला होता की एका वाणाला त्याचा अर्थच लागत नव्हता आणि दुसरा वाण मात्र कसाबसा तो वाचून पुढं जात होता. वाक्याच्या मधोमध कोणी पूर्णविराम टाकला तर वाचणारा तिथंच थांबेल. पण एखादा वाचक पूर्णविरामाकडे काणाडोळा करून पुढं वाचत राहील, तसं. पुढच्या काही वर्षांत केंब्रिजमधल्या सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या, तसंच गॅरेन यांच्या प्रयोगशाळेतल्या कामातून हे पूर्णविराम कोणते ते ठरलं: यूएजी, यूएए आणि नंतर यूजीए. आज बारावीचं पोरगंही ही तीन नावं पाठ म्हणतं. ती ज्या वाटेनं सापडली त्या वाटेवर अलिगढच्या एका माणसाचं पाऊल आहे, हे बारावीच्या पुस्तकात असायला काही हरकत नव्हती.

आता इथं थोडं मागं जातो. १९४९ साली आणखी एक तरुण परदेशात पीएच.डी. करून भारतात परतला होता. मूळचा मुलतानकडचा, एमएस्सी लाहोरची, नाव हरगोविंद खोराना. फाळणीत घर गेलेलं. त्याला इथं नोकरी मिळाली नाही, म्हणून तो परत इंग्लंडला गेला. पुढं तो कॅनडामार्गे अमेरिकेत पोचला आणि जनुकीय कोड उलगडल्याबद्दल १९६८ साली नोबेल घेऊन बसला. त्या वर्षी आपण त्याला "भारतीय शास्त्रज्ञ" म्हणून मिरवलं.

सिद्दीकींचंही असंच झालं असतं. तसं झालं नाही, याला एक पत्र कारण आहे. लिओ झिलार्ड हे हंगेरीत जन्मलेले पदार्थशास्त्रज्ञ, तेही ज्यू, हिटलर आल्यावर १९३३ साली जर्मनी सोडलेले. अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्यांची. अणुबाँबनंतर त्यांचं मन जीवशास्त्राकडे वळलं होतं. या झिलार्डनी होमी भाभांना सिद्दीकींचं नाव सुचवलं. भाभा तेव्हा कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था चालवत होते. संस्था गणिताची आणि पदार्थविज्ञानाची. समुद्रकाठची नवी इमारत नुकतीच उभी राहिली होती आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं होतं. त्या इमारतीच्या प्रवेशदालनात पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी रंगवलेलं भलंमोठं भित्तिचित्र आहे, हे जाता जाता सांगतो. अशा ठिकाणी जीवशास्त्राचा विभाग काढायचा? भाभांनी तो काढला आणि तिशीतल्या सिद्दीकींच्या हाती दिला.

माझ्या भाचीला मी आवर्जून सांगितली ती गोष्ट पुढची आहे. त्या विभागात यायला "रेणवीय जीवविज्ञानात एमएस्सी" अशी अट घालताच आली नसती, कारण आपल्या विद्यापीठांत तशी एमएस्सीच नव्हती. महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र म्हणजे फुलांच्या पाकळ्या मोजणं आणि प्राणिशास्त्र म्हणजे बेडूक कापणं. मग विभागात आले कोण? कोणी रसायनाचे, कोणी पदार्थविज्ञानाचे. पबित्र मैत्र यांनी यीस्टवर काम उभं केलं. त्यांच्याबरोबर झिटा लोबो होत्या. मागाहून अभियांत्रिकी शिकलेली मुलंही आली. के. विजयराघवन हे कानपूरच्या आयआयटीतले रसायन अभियंता, ते पुढं देशाचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार झाले. आज आपण ज्या पदवीसाठी प्रवेश परीक्षा, कटऑफ आणि आरक्षणाच्या याद्या बघतो, ती पदवी या विषयाच्या संस्थापकांकडे नव्हती. त्यांच्याकडे होता तो प्रश्न, आणि तो सोडवायला लागेल ते शिकायची तयारी.

यावर दाजी म्हणाले, "ते ठीक आहे भाईजान, पण ती माणसं वेगळी होती. पोरीच्या जातीला हे कसं झेपणार?"

दाजींना मी कमला सोहोनींचं सांगितलं. माहेरचं नाव भागवत. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत त्या अव्वल आल्या होत्या. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत पुढं शिकण्यासाठी त्यांनी अर्ज केला तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी बाई आहे म्हणून नकार दिला. नोबेल मिळवलेला माणूस! कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष कच्चा प्रवेश मिळाला. काम पसंत पडलं तरच पुढं, अशी अट होती. काम पसंत पडलं. नंतर त्या केंब्रिजला गेल्या, तिथं पीएच.डी. केली आणि पुढं मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांचा विषय जीवरसायन, आपल्या विषयाचा सख्खा शेजारी.

आणि दुसऱ्या बाई थेट सिद्दीकींच्या प्रयोगशाळेतल्या. व्हेरोनिका रॉड्रिग्ज. आईवडील गोव्याचे, जन्म केनियातला, शिक्षण युगांडात आणि नंतर आयर्लंडमध्ये. सिद्दीकींचं काम वाचून त्यांनी पत्र लिहिलं आणि पीएच.डी. करायला कुलाब्याला आल्या.

तोवर सिद्दीकींनी जिवाणू सोडून फळमाशी धरली होती. पिकल्या केळ्यावर घोंघावणारी ती चिलटासारखी माशी. कॅलिफोर्नियात सेमूर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी अशा माश्या तपासल्या की ज्या नेहमीच्या तापमानाला ठणठणीत असतात, ऊब वाढवली की लुळ्या पडतात आणि गार केल्या की पुन्हा चालायला लागतात. एका जनुकातल्या बिघाडानं मज्जातंतूंतला विजेचा संदेश कुठं अडतो, हे त्यातून पाहता आलं. मुंबईत आल्यावर त्यांनी चव आणि वास हे विषय घेतले. कोणत्या माशीला साखर कळत नाही? कोणत्या माशीला क्विनाइन कडू लागत नाही? अशा माश्या हजारोंतून वेचायच्या आणि त्यांचं कोणतं जनुक बिघडलं आहे ते शोधायचं. रॉड्रिग्ज आणि सिद्दीकी यांचा यावरचा १९७८ चा निबंध परदेशी नियतकालिकात नव्हे, तर भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापलेला आहे. माशीची जीभ आणि नाक वाचायला मुंबईत सुरुवात झाली, ती अशी. हे काम करायला कोट्यवधींचं यंत्र लागलं नाही. काचेच्या बाटल्या, माश्यांचं खाणं आणि डोकं लागलं. आमच्या एमएस्सीच्या काळात "आपल्याकडे सोयी नाहीत" हे वाक्य मी रोज ऐकलं आणि स्वतःही म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

या गोष्टीतला एक धागा माझ्या घराजवळून जातो. १९७०च्या दशकात सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधुनिक जीवशास्त्रावरचं एक वार्षिक चर्चासत्र सुरू केलं, महाबळेश्वरला. देशोदेशीचे शास्त्रज्ञ आणि इथली संशोधक पोरं डोंगरावर एकत्र राहायची, बोलायची, भांडायची. आजही ती मालिका महाबळेश्वरच्या नावानं ओळखली जाते. माझे अब्बा त्या वर्षांत वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचे. पारशी, गुजराती, फिरंगी, सगळी गिऱ्हाइकं त्यांनी वर नेली. त्यांच्या मागच्या सीटवर कधी एखादा जनुकशास्त्रज्ञ बसला असेल का, हे आता विचारायची सोय नाही. अब्बांना जाऊन बारा वर्षं झाली. आणि त्याच वाईत विश्वकोशाचं कार्यालय, जिथं या सगळ्या विषयाला मराठी शब्द घडवले जात होते. जनुक, गुणसूत्र, रेणवीय. आम्ही पोरं त्या इमारतीसमोरून सायकलवर जायचो. आत काय चालतं, हे आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्दीकींनी बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभं केलं. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते सदस्य होते. २००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. संचालकपद सोडल्यावरही ते प्रयोगशाळेत जात राहिले, माश्यांच्या वासावर काम करत राहिले. जुलै २०१३ मध्ये बंगळूरला रस्त्यावरच्या अपघातात ते जखमी झाले आणि त्यातच गेले. वय एक्याऐंशी. त्यांच्या पत्नी आसिया सिद्दीकी इतिहासकार, मुंबई विद्यापीठात शिकवायच्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईत दिवाळं निघालेल्या माणसांवर त्यांनी एक पुस्तक लिहिलं आहे.

मग हा माणूस आपल्या सत्काराच्या भाषणांत का येत नाही? मला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे तो आपल्या साच्यात बसत नाही. तरुणपणी कम्युनिस्टांबरोबर होता, ज्यू गुरूंकडे शिकला, पारशी माणसानं आणला, आणि त्यानं "मुस्लिम शास्त्रज्ञ" म्हणून पाटी लावल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. आपल्याला पूर्वज हवे असतात ते हजार वर्षं जुने, कारण ते उलटून बोलत नाहीत. दुसरं कारण आपल्या हातात नाही. एमएस्सीच्या पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी हजेरी घेताना माझं आडनाव वाचलं, मान वर केली आणि हसून म्हणाले, "अरे वा, तुमच्यातले इकडे कसे?" ते वाईट माणूस नव्हते, पुढं त्यांनी मला मदतही केली. पण त्याच प्राध्यापकांनी त्या सत्रात जनुकीय कोड शिकवताना गॅरेन यांचं नाव घेतलं आणि सिद्दीकींचं गाळलं. मुद्दाम नसेल. त्यांनाही कोणी सांगितलं नसेल.

म्हणून भाचीला मी "आपलं कोणी" असं उत्तर दिलं नाही. नाव सांगितलं, गोष्ट सांगितली आणि हेही सांगितलं की सिद्दीकींना आपला झेंडा करून नाचवू नकोस, त्यांना ते आवडलं असतं असं मला वाटत नाही.

बहिणीला आणि दाजींना मात्र व्यवहाराचंही बोललो. या एमएस्सीनंतर लगेच नोकरी मिळतेच असं नाही. नेट काढावी लागते, नाहीतर प्रकल्प सहायक म्हणून तुटपुंज्या पगारावर दोन-तीन वर्षं जातात, नाहीतर माझ्यासारखं औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणीत बसावं लागतं. तिथं रोज तोच नमुना, तोच तक्ता. पगार वेळेवर होतो, पण प्रश्न कोणी विचारत नाही. मला पीएच.डी. करायची होती. घरची परिस्थिती नव्हती, आणि परिस्थिती असती तरी माझी हिंमत झाली असती का, हे मला आजही ठाऊक नाही. हे मी फोनवर पहिल्यांदाच बोललो. पलीकडे बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग दाजी म्हणाले, "फी किती आहे वर्षाची?"

प्रवेश झाला. परवा दुपारी मी जेवणाच्या सुट्टीत असताना तिचा फोन आला, आवाज घाबरलेला.

"मामू, पहिलं जेल लावलंय. निळा रंग उलटाच चाललाय, पुढं जायच्याऐवजी मागं येतोय."

"बंद कर आधी. वायरी उलट्या लावल्यास. डीएनए लालकडे पळतो, काळी वायर वेलच्या बाजूला हवी. नमुना शिल्लक आहे का?"

"थोडासा आहे."

"मग नवीन जेल ओत. आणि टोकं फेकू नकोस, धुऊन ठेव."

"मामू, आता कोणी धुवत नाही टोकं," असं म्हणून तिनं फोन ठेवला.